आठ बाण, दोन रिकाम्या जागा

रसायन विभागाच्या तळमजल्यावर एक लोखंडी कपाट होतं. मी केसांतल्या पिनेनं त्याचं कुलूप उघडायच्या खटपटीत होते, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पिनेनं नाही उघडणार ते."

वळून पाहिलं. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. त्याच्या छत्रीतून पाणी गळत होतं, आणि फरशी ओली होऊ नये म्हणून त्यानं ती छत्री स्वतःच्याच बुटावर धरली होती. मला हसू आलं. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणाला हसणं बरं नव्हे, म्हणून मी ते गिळलं.

त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातल्या एका बारीक किल्लीनं कुलूप उघडलं आणि बाजूला झाला. आत मात्र बघितलं नाही. मी खडूंचा डबा घेतला. त्यानं पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मलाच देऊन टाका ना किल्ली," मी म्हणाले. "रोज कुठे शोधत बसू तुम्हाला?"

"पलीकडच्या इमारतीत. भौतिकशास्त्र." मग जरा थांबून— "उद्या देतो."

तो उद्या काही उजाडला नाही.

त्याचं कारण मला शिपाईकाकांकडून कळलं. चहाचा कप पुढे सरकवत, आवाज खाली आणून त्यांनी सगळं सांगितलं. कपाट माझ्या आधी हाच विषय शिकवणाऱ्या मॅडमचं. त्या गेल्या वर्षी आजारी पडल्या आणि ऐन सत्राच्या मध्यात गेल्या. छत्रीवाले सर त्यांचे यजमान. कपाट रिकामं करतो करतो म्हणतात, पण हात धजत नाही. आणि त्या मॅडमच्या जागेवर वर्ष संपेपर्यंत घेतलेली बाई म्हणजे मी.

मुलं त्यांना अजून नुसतं 'मॅडम' म्हणत. मी 'नव्या मॅडम'. सर शिकवताना फळ्यापुढे सारखे इकडून तिकडे जात, म्हणून त्यांचं नाव 'लोलक' पडलेलं. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे; माझ्या वाट्याला तेही आले नाहीत. तासाला जाऊन उभी राहिले की साठ डोळे माझ्या मागे कुणालातरी शोधताहेत असं वाटायचं.

त्यात विषयही कोरडा. धातूच्या आयनाचं टर्म सिम्बॉल काढणं. आयनातले इलेक्ट्रॉन आपल्या सगळ्यांत शांत अवस्थेत कसे बसलेत हे सांगणारं ते एक चिन्ह असतं. मध्ये एक अक्षर, डावीकडे वर एक आकडा, उजवीकडे खाली एक आकडा. मुलांना ते पाहिलं की धडकी भरे. मी फळ्यावर पाच चौकटी काढायची आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनासाठी एकेक बाण. म्हणायची, ही मंडळी फार संकोची. खोली रिकामी असेल तोवर कुणी कुणाच्या शेजारी जाऊन बसत नाही. आधी प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि खोल्या संपल्या की मगच नाइलाजानं जोडी. असं बोलत बाण काढता काढता अर्धा वर्ग जांभया देत असे.

लोलक सर रोज सकाळी यायचे, कपाट उघडायचे आणि मी शिकवत असताना बाहेरच्या व्हरांड्यात जरा रेंगाळायचे. एकदा उपाहारगृहात माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, आठ-आठ बाण काढत बसता तुम्ही.

"बाहेर उभं राहून मोजता की काय?"

"मोजत नाही. खडूचा आवाज येतो." त्यांना स्वतःलाच ते ऐकून अवघडल्यासारखं झालं असावं. टेबलावर चहा सांडला होता, त्यात बोट बुडवून त्यांनी पाच चौकटी काढल्या. घर जवळजवळ भरलेलं असलं की बसलेले कशाला मोजायचे, रिकाम्या जागा मोजाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पाच खोल्या, प्रत्येकीत दोन जागा; आठ बसलेले म्हणजे दोन जागा रिकाम्या. दोन इलेक्ट्रॉनांचं जे चिन्ह, तेच दोन रिकाम्या जागांचं.

युक्ती मला पुस्तकातून माहीत होती. पण त्या क्षणी माझं लक्ष युक्तीपेक्षा त्या बोटाकडे होतं.

"म्हणजे नसलेलं माणूस असल्यासारखं मोजायचं?" मी थट्टेनं विचारलं.

"मोजावंच लागतं," ते म्हणाले.

मी जीभ चावली. चहाच्या चौकटी टेबलावर सुकत गेल्या आणि आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत बसलो.

सरळच सांगते, मी प्रेमात पडले. ते दिवसही तसलेच होते, सूर्य न दिसणारे, दुपारीच दिवे लावायला लावणारे. संध्याकाळी ते मला बसथांब्यापर्यंत सोडायचे. छत्री माझ्या बाजूला कलती, त्यांचा डावा खांदा भिजलेला. छत्री सरळ धरा म्हटलं की म्हणायचे, सरळच आहे, पाऊस तिरका पडतोय. मी हसायची. घरी जाऊन मात्र आरशात बघताना वाटायचं, ह्या माणसाला कोण दिसतं माझ्यात?

ते लवकरच कळलं. तांब्याच्या आयनाचा तास होता. नऊ इलेक्ट्रॉन, एकच जागा रिकामी. त्या सकाळी सरांनी कपाटातून निळ्या द्रावणाची बाटली काढून माझ्या हातात दिली होती. समोर ठेवा, मुलं झोपत नाहीत, म्हणाले होते. मी ती ठेवली, रिकाम्या जागेची युक्ती सांगितली, आणि वर्ग खरोखर जागा झाला. उजवीकडचा खालचा आकडा तेवढा पुढच्या तासावर टाकला. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी आनंदानं म्हणाली, "मॅडमपण अस्संच शिकवायच्या. हीच बाटली ठेवून."

मी बाटलीकडे बघितलं. बाटली त्या मॅडमची. युक्ती त्यांची. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा, हिरव्या खडूनं अक्षर लिहा, हे सगळं सरांनी सुचवलेलं, म्हणजे तेही त्यांचंच. इतके दिवस मी थोडी थोडी करून दुसरीच कुणीतरी होत होते, आणि वर खूशही होते.

त्या संध्याकाळी कपाटाशी त्यांना गाठलं.

"एक विचारू? मी तुम्हाला आवडते, की तिची जागा भरलेली आवडते?"

ते कुलपातली किल्ली उगाच फिरवत राहिले.

"दुधाची तहान ताकावर भागवायची होती, तर निदान ताकाला विचारायचं होतं."

"मला..." ते किल्लीकडे बघत म्हणाले, "मला खरंच माहीत नाही."

खोटं बोलले असते तर मी कदाचित राहिले असते. छत्री न घेता बसथांब्यावर गेले आणि व्हायचं तेच झालं, दुसऱ्या दिवशी तापानं फणफणले. अंथरुणातूनच एका लांबच्या गावच्या कॉलेजला फोन केला. त्यांनी मला कायमची नोकरी देऊ केली होती आणि मी कशाच्या तरी आशेवर उत्तर लांबवत होते. हो म्हणून टाकलं. आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलंस बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कधी लागू नये. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मी उशीत तोंड खुपसून पोटभर रडले.

ताप उतरल्यावर वर्गावर गेले, तर माझा तास लोलक सरांनी घेतला होता. सगळ्यांच्या वहीत निकेलचं चिन्ह होतं. निकेलचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले की त्या पाच खोल्यांत आठ उरतात, तो हिरवा आयन. डावीकडे वर तीन, मध्ये एफ, उजवीकडे खाली दोन.

"कुणी सांगितलं हे दोन?"

सरांनीच, मुलं म्हणाली. दोन रिकाम्या जागा म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांसारखंच.

टेबलावरची निळी बाटली मी बाजूला ठेवली. फळ्याच्या मध्यावर, पांढऱ्या खडूनं, पाच चौकटी काढल्या. दाराशी कुणीतरी आलंय हे मला छत्रीच्या ठिबकण्यावरून कळलं, पण वळले नाही. एकेक करत आठ बाण काढले.

मग मुलांना सांगितलं की तीन बरोबर, एफ बरोबर, पण दोन चूक, तिथे चार हवेत. खोल्या अर्ध्याहून कमी भरल्या असतील तर खालचा आकडा लहानात लहान घ्यायचा. अर्ध्याहून जास्त भरल्या असतील तर मोठ्यात मोठा. रिकाम्या जागा इलेक्ट्रॉनांसारख्या वागतात, खरं आहे. त्यांच्यावरून तीन मिळतो, एफ मिळतो. "पण शेवटचा आकडा बसलेल्यांना विचारायचा," मी म्हणाले. "रिकाम्या जागा मोजता मोजता बसलेल्यांना विसरलात, तर उत्तर चुकणार."

मुलांनी वहीत दोन खोडून चार लिहिले.

वर्ग रिकामा झाला तरी ते दारातच होते. आज छत्री बुटावर धरायचंही त्यांना सुचलं नव्हतं, फरशीवर थारोळं झालं होतं.

"ती घरी तासाची तयारी करायची," ते म्हणाले. "मोठ्यानं. मी भाजी परतत असायचो. रिकाम्या जागांपर्यंत आली की भाजी करपायची, मग ती धावत यायची. पुढची ओळ मी कधी ऐकलीच नाही."

मी फळा पुसत राहिले.

"वर्षभर रिकामी जागाच मोजत बसलो. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा उत्तर नव्हतं माझ्याकडे. आज..." ते थांबले. "शेवटचा बाण काढताना तुम्ही जीभ दातांत धरता. ती नाही धरायची. ती आठ बाण काढायचीच नाही. खडूचा तो आवाज मी तुमचाच ऐकत होतो. मला तुम्ही आवडता. दूध नाही, ताक नाही. तुम्ही."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग सांगावंच लागलं की मी तिकडे हो म्हणून बसलेय.

त्यांनी मान हलवली. जुडग्यातून ती बारीक किल्ली काढायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, चाललेल्या बाईला कपाटाची किल्ली कशाला? ती मी घेणार नाही, आणि मी राहणारही नाही. इथे राहिले तर जन्मभर नव्या मॅडम राहीन.

"तिकडचं पद नवं आहे," मी म्हणाले. "कुणी गेलं म्हणून रिकामं झालेलं नाही. तिथे याल?"

ते खाली बघत फरशीवरचं थारोळं बुटानं पुसायला लागले. आणि सत्र संपून मी निघाले, तेव्हाही गाडी सुटेपर्यंत आम्ही हवापाण्याच्याच गोष्टी केल्या.

नव्या गावातही आभाळ तसंच होतं. एक खोली, एक कॉट, एक खुर्ची. कित्येक रविवार मी खिडकीशी बसून काढले आणि स्वतःला सांगत राहिले की येणारे असते तर एव्हाना आले असते. मग एका रविवारी दार वाजलं. बाहेर छत्री स्वतःच्या बुटावर धरून ते उभे होते.

किल्लीचं काय केलंत, मी विचारलं. शिपाईकाकांना दिली, म्हणाले. कपाट रिकामं केलं, सामान घरी नेलं, फार रडलो. ते पार वाळून गेले होते. मी छत्री त्यांच्या हातातून घेऊन कोपऱ्यात टेकवली आणि फरशी खुशाल ओली होऊ दिली.

"बसा ना," मी म्हणाले आणि कॉटच्या कडेला बसले.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती. फळ्यावर मी शिकवायची त्या नियमाप्रमाणे त्यांनी खुर्चीत बसायला हवं होतं. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या शेजारी येऊन बसले.