सरांची भाची

आमच्या वस्तीवरच्या विहिरीत कुणीतरी दोरीला बांधून बाटली सोडत होतं. सत्त्याण्णवचा जानेवारी. आठवडाभर आभाळ कोंदलेलं, निरवांगीत ऊन असं पडलंच नव्हतं. मी कळशी खाली ठेवली.

"चोरी चाललीय?"

तो दचकला. दोरी सुटता सुटता राहिली. "अर्धा लिटरच नेतोय," तो म्हणाला आणि हसला... नको इतकं छान हसला.

सौरभ त्याचं नाव. बावड्याचा, ऊसवाल्या घरातला. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. मीही तिथंच, समाजशास्त्राला. पण तीन वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या प्रयोगशाळा एका टोकाला, आमचे वर्ग दुसऱ्या.

कॉलेजात 'बदलता काळ आणि सामाजिक न्याय' या विषयावर परिसंवाद होता. आमच्या सरांची अट एकच – निबंध दोन वेगळ्या विषयांच्या मुलांनी मिळून लिहायचा. सौरभला जोडीदार मिळाला नव्हता. मलाही नव्हता.

"रसायनशास्त्राचा न्यायाशी काय संबंध?" मी विचारलं.

"मला पाण्यातला क्षार मोजता येतो. पण तो तुमच्याच वाट्याला का आला, ते बाटली सांगत नाही." त्यानं बाटलीचं बूच लावलं. "तुम्ही सांगाल?"

महिनाभर आम्ही विहिरी पालथ्या घातल्या. तो मोजायचा, मी विचारायची. शेजारच्या द्वारकाबाईंनी तर एका दमात सगळं सांगून टाकलं. "वरच्या रानात उसाला पाटाचं पाणी धो धो सुटतंय. त्ये रानातला खार घिऊन झिरपतंय आमच्या हिरीत. डाळ शिजत न्हाय बाबा, दोन दोन तास जळण घाला!" मग त्यांनी त्याच्यापुढं तांब्या केला. त्यानं तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"प्रयोगशाळेत चव घ्यायला बंदी असते ना?" मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"मी पाहुणा म्हणून प्यायलो." मग हळूच – "खारट होतं, पण."

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कुणी म्हटलं, आठवत नाही. बांधावरून जाताना माझी ओढणी उसाच्या पात्याला अडकली. त्यानं ती सोडवली... लागायला हवा होता त्याहून बराच जास्त वेळ घेऊन. पुढं चालताना तो एकदम म्हणाला, "मेघना, हे वरचं रान माझ्या मामांचं आहे."

"मग? निबंधात येणार का ते?"

त्यानं चालण्याचा वेग वाढवला.

परिसंवादाच्या दिवशी मामा, संभाजीराव, तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. भाच्याचं कौतुक ऐकायला. सर सौरभच्या कानाशी म्हणाले, "नावं गाळलीस तरी चालेल." सौरभनं नकारार्थी मान हलवली आणि तक्ता वाचायला घेतला. विहीर, क्षार, वरच्या रानाचा मालक. "संभाजीराव... माझे मामा." खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. मामा उठून निघून गेले. सौरभनं शेवटची ओळसुद्धा गाळली नाही.

माझं तिथंच ठरलं – हाच.

पुढच्या रविवारी तो मला बावड्याला घरी घेऊन गेला. त्याची आई, कुशाबाई, मोठ्या मायेची बाई. माझा हात धरून तिनं मला आत नेलं, चहा दिला. "कुणाची गं तू? कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत सौरभ बोलला. "आमच्या सरांची भाची हाय ती, आई. पुण्याकडची."

चहाची कपबशी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"न्हाय, काकू. मी निरवांगीची. बौद्ध वस्तीतली. धोंडीबांची नात."

कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग लेकाकडं – त्याच्याकडं जरा जास्त वेळ. "चहा गार हुईल, पोरी," ती म्हणाली. "पी."

त्यानंच खरं सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती, कुणास ठाऊक. त्यानं तिला म्हणूच दिलं नव्हतं.

मी चहा संपवला, नमस्कार केला आणि निघाले. स्टँडवर पावसाची भुरभुर चालू होती. सौरभ मागून धावत आला.

"मेघना... माझं प्रेम आहे तुझ्यावर. खरंच."

"माहितेय."

"आईला सांगणारच होतो. हळूहळू."

"आईला मी सांगितलं. तिनं चहा पाजला. घाबरलास तू."

"मामांचं नाव घेतलं ना मी? सगळ्यांसमोर?"

"घेतलंस की. माझंच तेवढं घेता आलं नाही."

निरवांगीकडची गाडी लागली. मी चढले. सौरभनं पायरीवर एक पाय ठेवला. त्याचे केस ओले झाले होते आणि ते पुसावेत असं मला फार वाटलं.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"निरवांगी."

"एक का दोन?"

मी सौरभकडं पाहिलं. त्यानं कंडक्टरकडं पाहिलं, मग रस्त्याकडं... ओळखीचं कुणी आहे का, तिकडं. पाय तसाच पायरीवर. ना वर, ना खाली.

मी थांबले. खूप थांबले, असं अजूनही वाटतं.

"एक," मी म्हणाले.