काढलेली रांग

तसं काम साधंच होतं गो, सीटांना नवी कव्हरं घालायची. मांडवीच्या पुढे गुणाजीशेटांनी भंगारातलं एक जुनं जेट विमान आणून ठेवलंय ना, आत हॉटेल काढणार म्हणून, तिथे. माझं कुशन-कव्हरांचं दुकान, म्हणून मला बोलावलं. नणंद संध्या सोबतीला. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले, तेही सुई-दोरा घेऊन.

सीटा इतक्या चिकटून, की माझ्यासारखीनं मधल्या सीटवर बसायचं तर श्वास बाहेर ठेवून यायचं. "वैनी, तुम्ही दोन तिकिटं काढा हां," संध्या म्हणाली.

शेटांचं म्हणणं, गिऱ्हाईक पाय पसरून जेवलं पाहिजे. एकाआड एक रांग काढून टाका. कामाआधी शेटांकडच्या म्हाताऱ्या भागोजीबाबांनी विमानाच्या दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "इथे जे कोणी असाल ते सुखानं बसा, नि या लेकरांना सांभाळा." जागेच्या राखणदाराला घालतात तसंच. विमान कुठून कुठून फिरून आलंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग आम्ही रांगा काढल्या.

दुपारी खिडक्यांची झाकणं खाली होती. आत अंधूक. जुन्या स्पंजचा वास, हात टेकायच्या दांडीतल्या राखेच्या डबीतून कुणाच्या तरी सिगारेटचा वास. समुद्र पलीकडेच, पण आत लाट ऐकू येईना. मी जरा टेकले. पाठीत काहीतरी रुतलं. एसटीत मागच्याचे गुडघे लागतात ना, तसं.

"ओ, पाय नीट घ्या," मी सवयीनं म्हटलंसुद्धा.

मग आठवलं. मागची रांग सकाळी आम्हीच काढली होती.

उठले. "संध्या, चल गो, बाहेर चहा घेऊ."

ती खिडकीजवळच्या सीटवर होती. उठेना.

"वैनी... हळू बोला."

"का गो?"

"मांडीवर कोणीतरी बसलंय..."

मांडीवर काही नव्हतं. पण ड्रेस तिथे चेपला होता, नि सीटचा स्पंज खाली खाली जात होता. माझ्या वजनानंही एवढा जात नाही. संध्याचे ओठ पांढरे पडत चालले.

"अजून एक बसलं... श्वास..."

मी ओढलं. हलेना. मला धड एक आरती पाठ नाही, तरी हात जोडले. "उठा हो. तुमच्या सीटा आम्ही काढल्या, आम्हीच परत लावतो. पोरीला सोडा."

स्पंज हळूहळू वर आला. एकदा. मग थांबून, परत एकदा.

बाहेर ठेवलेल्या रांगा आम्ही नि भागोजीबाबांनी मिळून संध्याकाळपर्यंत परत बसवल्या. शेट ओरडत होते, ओरडू देत. एकच रांग राहिली. ती दुपारीच टेम्पोत भरून लोटे गावच्या भंगारवाल्याकडे गेली होती.

"उद्या आणू," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

स्कूटरवरून घरी निघालो. चढावावर गाडी रडत होती. मी नेहमीसारखा माझ्या वजनाला दोष दिला. संध्या मागे बसलेली.

"वैनी, जरा पुढे सरकता?"

"आणखी कुठे सरकू? हँडलवर बसू?"

तिनं माझा खांदा धरला.

"माझ्या पाठीला... गुडघे लागतायत."

मी आरशात बघितलं नाही. पुढे सरकले.