ठोंब्याच्या नावाची हाक

ताटली घेऊन गल्लीच्या तोंडाशी जायची पाळी त्या दिवशी शिवणवाल्या काकूंची होती. शाळेच्या गणवेशांची चळत मशीनवर तशीच पडली होती, एका सदऱ्याची काजं राहिली होती. पण दिवस बुडायला आला तशी काकूंनी सुई टोचून ठेवली, दुधात पाव कुस्करला आणि पायात चपला सरकवल्या.

शेजारच्या दारातून घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी म्हणाले, "काकू, रेंगाळू नका. धुकं उतरतंय."

"मला काय हौस आलीय रेंगाळायची?" काकू फणकारल्या. खरं तर भीती त्यांनाही वाटत होती. पाळी आली की गल्लीतल्या प्रत्येकाला वाटते.

आता हे पाळीचं खूळ कुठून आलं, ते ऐका.

या गल्लीत ठोंब्या नावाचा कुत्रा होता. नाव ठोंब्या, पण अक्कल गल्लीतल्या निम्म्या माणसांपेक्षा जास्त. काकूंच्या लेकीने, चिमीने, लहानपणी दप्तरात लपवून आणलेलं ते पिल्लू. चिमीला वडील नव्हते, भावंडं नव्हती. जे काय होतं ते आई आणि ठोंब्या. पण हा पठ्ठ्या एका घरात मावणारा नव्हताच मुळी! दिवे लागले की गल्लीभर फेरी मारायचा. एकेका दाराशी बसायचा, आणि आतून कुणी "आहे रे बाबा, सगळं ठीक आहे" म्हटल्याशिवाय उठायचा नाही. एकदा इस्त्रीवाली आजी आतून बोलेना, तर ह्याने भुंकून सगळी गल्ली गोळा केली. आजी न्हाणीघरात पडली होती, वेळेवर उचललं म्हणून वाचली. आणि चोरांचं म्हणाल तर चोर सोडाच, गल्लीचे जावईसुद्धा त्याला विचारून आत यायचे.

असा तो ठोंब्या म्हातारा झाला, आणि एका सकाळी मशीनच्या पायपट्टीवर हनुवटी टेकवून गेला. काकू ओक्साबोक्शी रडल्या. पण चिमीला काही बोलल्या नाहीत. पोर परगावी नर्सच्या शेवटच्या परीक्षेला बसलेली, तिचं चित्त कशाला उडवा? परीक्षा होऊ दे, मग सांगू. चिमी फोनवर म्हणायची, "आई, फोन त्याच्या कानाला लाव ना." काकू त्याच्या रिकाम्या गोणपाटाशी फोन धरून उभ्या राहायच्या. तिकडून पोरीचे लाड चालायचे आणि इकडे ह्यांच्या डोळ्यांना धार. परीक्षा झाली, तरी जिभेवर आलेलं परत पोटात जायचं. घरी आली की जवळ घेऊन सांगीन, असं त्या स्वतःलाच समजवायच्या.

ठोंब्या गेला आणि चोरांचं फावलं. दोरीवरचे कपडे गेले, नळाच्या तोट्या गेल्या, सायकली गेल्या. तेव्हा घड्याळजींनी डोकं लढवलं. "चोर काय कुत्रा बघायला थांबतो? तो कानाने ऐकतो. आपण रोज ताटली ठेवायची आणि हाक मारायची. कुत्रा आहे असंच वाटलं पाहिजे." सगळ्यांना पटलं. घरटी पाळी लागली. दिवेलागणीला खांबाखाली ताटली ठेवायची आणि खच्चून ओरडायचं, "ठोंब्या! ये रे, ये! खाऊन घे!"

मेलेल्याला जेवायला बोलवायचं, हे काकूंना काही रुचेना. पण गल्लीचं भलं होतंय म्हटल्यावर गप्प बसल्या. चोऱ्या खरंच थांबल्या. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख असायची. कुणीतरी भटकं कुत्रं खात असेल, असं लोक म्हणायचे.

पण भटकी कुत्री तर केव्हाच गल्ली सोडून गेली होती. मागोमाग मांजरंही गेली. पाण्याचे कॅन आणणारा गडी एका संध्याकाळी कॅन तिथेच टाकून उलट्या पावली पळाला, तो परत आलाच नाही. आणि मग एकदा घड्याळजी रात्रभर घरी आले नाहीत. उजाडल्यावर आले ते पांढरेफटक. काकूंनी चहा पुढे केला, तर तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"काय झालं, घड्याळजी?"

"आत येऊ देत नाही, काकू... वाटेत उभं राहतं."

"कोण? आपला ठोंब्या...?"

"ठोंब्याचा श्वास गुडघ्याला लागायचा..." त्यांनी मानेवरून हात फिरवला. "हा इथे लागत होता."

करायला गेले काय, नि उलटे झाले पाय! हाक बंद करायची, असं गल्लीने ठरवलं. त्या संध्याकाळी कुणीच खांबापाशी गेलं नाही. दिवे लागले, आणि फेरी सुरू झाली. एकेका दाराशी काहीतरी थांबत होतं, हुंगत होतं. ओल्या राखेचा वास फटीतून आत येत होता. सवयीने म्हणा की भीतीने म्हणा, प्रत्येक घरातून कुणीतरी पुटपुटलं, "आहे रे बाबा... सगळं ठीक आहे." इस्त्रीवाली आजी कानाने अधू, ती बोलली नाही. सकाळी तिच्या दारावर कडीच्याही वर, थेट चौकटीपर्यंत ओरखडे होते. आजी खाटेखाली अंग चोरून बसली होती. तेव्हापासून ती कुणाशीच बोललेली नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात. हे सोडलं तरी चावत होतं. पाळ्या निमूट पुन्हा सुरू झाल्या, आणि दिवस मावळल्यावर बाहेरच्या माणसाने गल्लीत पाऊल टाकणं बंद झालं.

काकूंच्या जिवाला घोर होता तो चिमीचा. ती काकूंच्या पाळीच्या दुसऱ्याच दिवशी घरी यायची होती. "दुपारीच ये, भर उन्हात ये," असं काकूंनी तिला दहादा बजावलं होतं. ठोंब्या गेलाय हे ठाऊक नसलेलं सगळ्या जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस गल्लीत शिरताक्षणी त्याला शोधणार होतं.

तर त्या संध्याकाळी ताटली घेऊन काकू निम्म्या वाटेवर होत्या. धुक्यात खांबावरच्या दिव्याचा नुसता पिवळा डाग दिसत होता. तेवढ्यात त्यांनी आवाज ऐकला.

"अरे लबाडा! केवढा वाढलास रे!"

काकूंच्या हातातली ताटली पडली. चिमीची बॅग जमिनीवर होती, आणि चिमी टाचा उंचावून उभी होती. दोन्ही हात वर. चांगल्या उंच माणसाच्या गळ्यात पडावं तशी. तिच्या हातांच्या मध्ये धुकंच होतं, पण तेवढ्या जागेतून दिव्याचा उजेड पलीकडे जात नव्हता.

"आई! अगं, गाडी लवकरची मिळाली. म्हटलं चकित करावं तुला. ह्याला काय खायला घालतेस गं? ओळखूच येईना..."

खोटं रेटावं, तर पोर त्या मिठीतून सुटायची नाही. खरं बोलावं, तर ते ऐकतंय. पण आजवर खोटंच तर बोलत आलो, आणि त्याचंच हे फळ! काकूंनी मन घट्ट केलं.

"चिमे... हात काढ. हळूच."

"अगं पण का?"

"ठोंब्या गेला, बाळा. केव्हाच गेला... मी तुला सांगितलं नाही."

दोन्ही बाजूंच्या भिंतींतून गुरगुर सुरू झाली. पायाखालची फरशी थरथरली. चिमीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. आपण कुणाला धरलंय ते बघायला तिने मान वर केली, आणि जिवाच्या आकांताने किंचाळली, "आईऽऽ!"

गुरगुर एकदम थांबली. एखाद्याने लक्ष देऊन ऐकावं तशी.

काकूंनी तिचं मनगट पकडलं आणि फरफटत ओढत आणलं. "दार उघडा! अहो, कुणीतरी उघडा!" एकही दार उघडलं नाही. घड्याळजींनी आतून कडी घातल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. गल्लीसाठी इतके दिवस ताटल्या वाहिल्या, आणि वेळेला गल्लीने पाठ फिरवली. घरात शिरून कडी-कोयंडा लावेपर्यंत काकूंना मागे बघायची छाती झाली नाही.

चिमी गोणपाटावर बसली होती. काकूंनी तिचे हात पाहिले, मान पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "वाचलीस गं माझे राणी," म्हणत त्या रडू लागल्या.

"तू मला फसवलंस," चिमी म्हणाली.

"हो गं. चुकलंच माझं."

"त्यालाही फसवलंत तुम्ही. ते नाव त्याचं नव्हतंच. रोज रोज ते ऐकून किती चिडला होता तो..."

"तुला कसं कळलं?"

"मी तुला हाक मारली ना... ती त्याला आवडली. लगेच शांत झाला."

काकूंनी पोरीला छातीशी ओढलं. दाराच्या फटीतून ओल्या राखेचा वास आत आला. चिमी त्यांच्या कुशीत थरथरत कुजबुजली, "आई...?"

काकूंनी ओ द्यायला तोंड उघडलं. पण ओ आली ती दाराबाहेरून, त्यांच्याच आवाजात, अगदी मायेने. काकूंच्या घशातून मात्र शब्द फुटेना. त्या नुसत्याच ओठ हलवत राहिल्या. चिमीने त्यांच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं, त्यांचे हात आपल्या अंगावरून काढले, आणि "आले गं, आई" म्हणत कडी काढायला उठली.