थांबलेली थरथर

"ढब्ब्या, मामा थरथरायचा थांबला!" टिटवी धक्क्याच्या फळीवर ओणवी झाली.

"बरंच झालं की! सवय झाली त्याला," तिचा भाऊ ढब्बू म्हणाला.

सुट्टीत मामाकडे आलेल्या या भावंडांनी सकाळपासून धक्क्यावरच मुक्काम ठोकला होता. गारठलेल्या तळ्यात, छातीभर पाण्यात उभा राहून मामा धक्क्याचे सैल खांब दोरखंडानं आवळत होता. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमांचा नियम एकच: जो थरथरेल त्यानं बाहेर यायचं, दुसऱ्यानं उतरायचं. मामा पडला हट्टी! मघाशी दात वाजत असतानाही त्यानं तोंड फिरवून पत्ता लागू दिला नव्हता. आता तर दातही गप्प होते.

टिटवीला आठवलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, गार पाण्यातच थरथर थांबली, तर समजा धोका वाढला!

"मुकादमकाका, मामाला बाहेर काढा ना!"

"अगं, ठणठणीत आहे तो! उगीच घाबरवू नकोस."

सरळ सांगून काका ऐकणार नव्हते. टिटवीनं शक्कल लढवली.

"मग लावता पैज? मामाला आत्ता साधी गाठसुद्धा मारता येणार नाही!"

"त्याला? झोपेतही मारेल! मार रे, दाखव पोरीला!"

मामानं दोर धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

"ही बोटं... कुणाची?" मामा जड जिभेनं पुटपुटला.

मुकादमांचं हसू मावळलं. "ओढा रे त्याला वर!"

कुणीतरी मामाचे हातपाय चोळू लागलं.

"चोळू नका! आडवाच ठेवा, ओले कपडे काढा!" टिटवी ओरडली. ढब्बू धावत जाऊन घोंगड्या घेऊन आला.

मुकादमांनी बोलावलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. मामाला तपासत म्हणाल्या, "शरीर मोठं शहाणं! हातापायांचं रक्त आत ओढून काळीज जपतं, थरथरून ऊब करतं. ती ताकद संपली, की थरथरही थांबते. पोरांनी वेळेवर ओळखलं, शाबास!"

टिटवी मामाच्या पांढऱ्याफटक बोटांकडे बघतच राहिली. मामा हट्ट करत होता, तेव्हा आतल्या आत केवढी लढाई चालली होती!

इतक्यात घोंगडी हलली.

"थरथरतोय! मामा थरथरतोय!" ढब्बू नाचायलाच लागला.

मुकादमांनी डोळे पुसले. "पोरी, जिंकलीस! आजपासून थरथरायच्या आधीच बाहेर!"

"ग-गाठ... उ-उद्या मारतो!" मामा म्हणाला. त्याचे दात कडकडा वाजत होते, आणि त्याहून गोड आवाज टिटवीनं कधीच ऐकला नव्हता.