मार्चमधलं नेटवर्क कार्ड

"दादा, लगेच ये. मला पोलिसांत देणार म्हणतायत."

बहिणीचा फोन होता. ती अतिदक्षता विभागात नर्स. मार्चमध्ये तिच्या ड्यूटीवर एक पेशंट दगावला होता. नातेवाइकांनी तक्रार केली, चौकशी लागली आणि आता सप्टेंबरात त्या पेशंटच्या खाटेजवळच्या मॉनिटरची नोंद पुढे आली होती. अलार्म बंद केलेला, तोही तिच्या कोडने! त्या मॉनिटरचा आवाज गेलाय असं यंत्रविभागाला सांगून सांगून तीच थकली होती.

दादा तडक निघाला. तो कर्नेलवर काम करणारा प्रोग्रॅमर. संगणकाचे, अशा मॉनिटरचेसुद्धा, सगळे सुटे भाग ओळखून चालवणारा सॉफ्टवेअरचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याने नोंद मागवली आणि अगदी वरून वाचायला घेतली. यंत्र सुरू झालं. कर्नेलने नेटवर्क कार्ड ओळखलं. मग अलार्म बंद.

हे कार्ड? मार्चच्या नोंदीत इतकं नवं?

समितीच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. समोर अध्यक्ष डॉक्टरीणबाई, शेजारी यंत्रविभागाचे प्रमुख. बहीण मान खाली घालून बसलेली.

"साहेब, हे कार्ड कधी बसवलं?" दादाने विचारलं.

"फेब्रुवारीत. मी स्वतः."

"तेव्हा कर्नेलला ते ओळखता येत होतं?"

"अहो, हे कार्ड ओळखायला कर्नेलमध्ये जो बदल केलाय, त्यावर जानेवारीची तारीख आहे. बघूनच बोलतोय मी."

"वेगळं काही सॉफ्टवेअर घातलंत?"

"छे! कर्नेलमध्ये येतं तेवढंच."

"मग फसलात. जानेवारीत तो बदल कुणीतरी लिहिला. लिहिला की लगेच कर्नेलमध्ये गेला, असं नसतं. तपासणारे चुका काढतात, परत पाठवतात. हा आत घेतला जूनमध्ये. मार्चमध्ये कुठल्याच कर्नेलने हे कार्ड ओळखलं नसतं."

प्रमुखांनी कपाळ पुसलं.

"म्हणजे मॉनिटर दुरुस्त झाला तो जूननंतर. तेव्हा नवं कार्ड, नवं कर्नेल आलं. मग मॉनिटरचं घड्याळ मार्चवर नेऊन ही नोंद बनवली. घड्याळ बदलायचा, कुणाचाही कोड घालायचा पासवर्ड कुणाकडे असतो?"

"फक्त यांच्याकडे," डॉक्टरीणबाई प्रमुखांकडे बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "म्हणजे अलार्म वाजलाच नव्हता! बोला, खरं ना?"

"स्पीकर बदलायचा राहून गेला," प्रमुख पुटपुटले. "मला वाटलं, एवढ्यात काय होतंय."

बहिणीने दादाचं मनगट घट्ट धरलं. तिला रडू फुटलं.

"दादा, ती नोंद बघितल्यापासून मलाच वाटायला लागलं होतं रे, की मीच बंद केला असेन."