मुठीतली नळी

त्या सकाळी बाबांनी तिचा चष्मा तिच्या नाकावरून उचलला, एक दांडी किंचित वाकवली आणि परत बसवला. चष्म्याच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. घरातही त्यांना वाकडी दांडी सहन व्हायची नाही.

"बर्फवाला आहे का आज कामावर?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण बर्फवाला?"

"तोच गं. ज्याचं नाव तू घेत नाहीस, पण बोलताना सारखा मधेमधे येतो."

ती चहाच्या कपाआड लपली. लॅबमधल्या बर्फाच्या यंत्रापाशी भेटला होता तो. दोघांनी एकाच वेळी फावडं धरलं, आणि "आधी तुम्ही," "नाही, तुम्ही" करता करता दोघांचीही बोटं बधिर झाली. तेव्हापासून रोज तिच्या टेबलावर बर्फाचा भरलेला डबा तयार असायचा. ती "थँक्यू" म्हणायची. तो "बर्फ फुकट असतो" म्हणायचा. पुढे मग 'अहो-जाहो'चं 'अरे-तुरे' झालं, पण गाडी काही त्यापलीकडे सरकेना.

"लॅबमधला आहे एक," ती म्हणाली.

"बरं. आणि तुझं ते एन्झाइम? ते काय करणार आज?"

आरएनए पॉलिमरेज हे नाव बाबांच्या जिभेवर कधी बसलं नाही; पण गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची असे. ती सांगू लागली. जिवाणूच्या डीएनएवरचा निरोप हे एन्झाइम उतरवून घेतं. पण सुरुवात कुठे करायची ते त्याला एकट्याला कळत नाही. सिग्मा नावाचं एक प्रथिन सोबत असतं, ते नेमकी जागा ओळखून देतं.

"म्हणजे मध्यस्थ!"

"हो. आणि एकदा काम मार्गी लागलं, की बहुतेकदा सोडून जातं."

"शहाणा आहे. काम झालं की निघावं. मग?"

"मग एन्झाइम तिथे बसतं. आधी नुसतंच बसतं, डीएनएचे दोन्ही पदर मिटलेलेच. नंतर ते पदर थोडेसे सोडवतं, वाचण्यापुरते. पण थंडीत नाही जमत त्याला. बर्फात ठेवलं की बसतं, पण उघडत नाही."

"अगदी तुझ्यावर गेलंय," बाबा म्हणाले. "बसायचं, पण तोंड उघडायचं नाही."

"उघडलं तरी लगेच कुठे जमतं, बाबा? दोन-चार अक्षरं जुळवतं, सोडून देतं. पुन्हा जुळवतं, पुन्हा सोडतं..."

"अडखळतं म्हण की. अडखळू दे. सुरुवात तर करतंय!"

ती हसत हसत निघाली. मागे वळून बघायचं काही कारण नव्हतं.

दुपारी तिच्यापुढे एन्झाइम आणि डीएनए भरलेल्या दोन नळ्या होत्या. एक अंगाच्या उबेएवढी गरम, एक बर्फातली. दोन्हींत जांभळं परमँगनेट टाकायचं. पदर जिथे सुटले असतील तिथेच ते खूण करतं. गरम नळीची खूण काळी पट्टी होऊन प्रयोगाच्या फोटोत दिसायला हवी, थंड नळीची जागा कोरी राहायला हवी.

"आज डोळे फार चमकताहेत," पलीकडून तो म्हणाला.

"बाबांनी चष्मा सरळ करून दिलाय."

"मग मीही नीट दिसत असेन... की अजून धूसरच?"

ती उत्तर जुळवत होती. थंड नळी नुकतीच बर्फातून उचलली होती, तेवढ्यात फोन वाजला. आत्याचा होता. बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसल्याबसल्याच गेले होते.

ती किती वेळ उभी होती, तिला कळलं नाही. कुणीतरी तिची मूठ हळूच उघडत होतं, एकेक बोट करून. नळी त्याने काढून घेतली.

"मी येऊ बरोबर?"

"नको," ती म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. ये, एवढंच तर म्हणायचं होतं.

दिवसकार्य आटोपलं, माणसं पांगली. तो घरी आला तेव्हा खुर्चीवर बाबांचा चष्मा तसाच होता, दांड्या मिटलेला.

"हे कोण गं?" आत्याने विचारलं.

"हे... लॅबमधले."

आत्याने दोघांकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

त्याने पिशवीतून एक फोटो काढला. गरम नळीच्या रांगेत पट्टी होती. थंड नळीच्या रांगेतही होती. फिकी, पण होती.

"चुकलंय हे," ती म्हणाली. "थंडीत उघडणार नाही."

"थंडीत नव्हतीच ती. तुझ्या मुठीत होती. तू गेल्यावर मला काही सुचेना, म्हणून तेवढं पुरं केलं. बाद आहे प्रयोग, पुन्हा करू. फोटो मात्र टाकवेना."

"का?"

"तू 'नको' म्हणालीस त्या दिवशी. ही पट्टी बघितली आणि वाटलं... पुन्हा एकदा विचारून बघावं." तो खाली बघत होता. "मी थांबू का?"

आत कपबशा वाजल्या. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती खुर्चीकडे वळली. चष्मा उचलून तिने दांड्या उलगडल्या.

"बाबा, हा लॅबमधला..."

शब्द तुटले. तिने चष्म्याची एक दांडी बोटाने सरळ केली.

"बाबा, हा रोज बर्फ..."

तिने चष्मा खुर्चीच्या हातावर ठेवला, काचा त्याच्याकडे करून.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी शब्द तुटले नाहीत, "हाच तो बर्फवाला. मला फार आवडतो."