शनिवारची शिकवणी

व्हरांड्यातल्या नळाची तोटी उडाली, तेव्हा मी दुसरीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते.

"पाणी... शेवटच्या अक्षराला वेलांटी कुठली?"

"दुसरीऽऽ!" मुलं ओरडली आणि खरंच पाण्याचा लोट दारातून आत आला. मग काय, वर्गात नुसता धुडगूस! मी धावत जाऊन नळावर तळवा दाबून धरला. केसांपासून चपलांपर्यंत चिंब.

दहा मिनिटांनी प्लंबर आला. खांद्याला पिशवी, हातात पाना. माझ्याकडे क्षणभर बघतच राहिला.

"हात काढा, बाई."

"काढला तर उडेल पाणी!"

"नाही उडणार. मागचा कॉक मघाशीच बंद करून आलोय."

मी हात काढला. थेंबसुद्धा आला नाही. तो गालात हसत होता... आणि मला राग यायला हवा होता, तो काही केल्या येईना.

तेवढ्यात "मामाऽ!" करत आमची चिमणी धावत येऊन त्याला बिलगली. वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी, म्हणून तिला सगळे चिमणीच म्हणत.

"बरं झालं भेटलात," मी ओढणी पिळत म्हटलं. "तीन आठवडे हिचा गृहपाठ कोरा येतोय. घरी कुणी घेत नाही का?"

त्याचं हसू मावळलं. "आधी घेत होतो. पण तुम्हीच लिहिलं होतंत ना, वहीत..."

मला आठवलं. नदि, दुध, फुल... पानभर त्याच चुका आणि खाली लाल शाईत माझा शेरा – 'घरी चुकीचं शिकवू नये. त्यापेक्षा शिकवूच नये.' अठ्ठावीस वह्या तपासून वैतागलेल्या हातानं दोन ओळी खरडल्या होत्या. त्या वाचणार कोण, याचा विचारच केला नव्हता.

"खरंच होतं ते," तो पान्याशी चाळा करत म्हणाला. "चौथीत शाळा सुटली माझी. ताई परगावी दवाखान्यात नर्स आहे, महिन्यातून एकदा येते. हिला शिकवायला घरात मीच. म्हटलं, आपल्यामुळे पोरीचं नुकसान नको."

म्हणजे हा दिवसभर नळ दुरुस्त करून संध्याकाळी भाचीला जवळ घेऊन बसत होता, आणि ते मी बंद पाडलं होतं!

"चुकलं माझं," मी म्हटलं. "शनिवारी शाळा सुटल्यावर याल? दोघंही?"

तो आला. धुतलेला शर्ट, चापूनचोपून बसवलेले केस. दुसरीच्या बाकात त्याचे गुडघे मावेनात, तेव्हा चिमणी पोट धरधरून हसली. मी त्याला काम कसं करतो ते लिहायला सांगितलं. त्यानं पान भरलं, पण पूर्णविराम एकही नाही. मोठ्यानं वाचायला लावलं, तर निम्म्यावरच धाप लागली.

"मामा, थांब ना जरा! बाई म्हणतात, बोलणं संपलं की टिंब द्यायचं."

"माझं बोलणं संपतच नाही, त्याला काय करू?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी खडू शोधायच्या निमित्तानं वळले. खडू हातातच होता.

शनिवारामागून शनिवार गेले. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'मी आणि तू.'

"एकाच अक्षराचा शब्द असला की सहसा दीर्घ. मी दीर्घ, तू दीर्घ."

"आणि मधलं?"

"'आणि' मात्र ऱ्हस्व."

"म्हणजे अंतर कमीच आहे म्हणायचं."

"काय म्हणालात?"

"काही नाही, बाई. लिहून घेतोय..."

कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. चिमणी डोकं खाली घालून रेघा मारत होती, नशीब!

चिमणीनं आईला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा मामानं एक अक्षर सांगितलं नाही की मी. ताईंचा फोन आला. बराच वेळ नुसत्या रडल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, तुमचे उपकार..." मी त्यांना मध्येच थांबवलं. खरे उपकार कुणाचे, ते मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी वहीत शेरा लिहिताना ती वही घरी उघडणाऱ्या हातांचाही विचार करायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

परीक्षा झाली. ताईंना दवाखान्याजवळ राहायला घर मिळालं होतं, त्या चिमणीला तिकडे घेऊन गेल्या. निघताना चिमणी माझ्या गळ्यात पडली. मामा लांब उभा होता, तिचं दप्तर पोटाशी धरून.

पुढचा शनिवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मी उगाचच शाळा सुटल्यावर वर्गात बसून राहायची. शिकवणी चिमणीची होती, चिमणी गेली. आता त्यानं का यावं?

तिसऱ्या शनिवारी दारात सावली पडली. तोच. हातात ना वही, ना पाना.

"कुठला नळ बिघडलाय?" मी विचारलं.

"कुठलाच नाही. दोन शनिवार यायला काहीतरी कारण शोधत होतो, सापडलं नाही." तो आत येऊन बाकाशी थांबला. "तुमचे आभार मानायचे राहिले होते, बाई. चिमणीसाठी. माझ्यासाठीही. आता कुठलाही कागद पुढे आला की हात थरथरत नाही माझा."

"मग माना की."

तो मान खाली घालून हसला.

"मानले की निघावं लागेल ना. आणि मला... मला नाही निघायचं. आजच नाही, पुढेही नाही. तुम्हाला चालणार असेल तर."

मी उठले. माझी खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली. त्या बाकात गुडघे दुखतात त्याचे, मला माहीत होतं.

"बसा," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, तरी हसू आवरत नव्हतं. "आणि आभार मुळीच मानू नका."